फ्रेंच दैनंदिन जीवन आणि नाशिक : राजकारण, आहार व प्रवास यांचा एक तौलनिक परिचय

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयांत फ्रेंच ही विदेशी भाषा म्हणून अनेक वर्षे शिकविली जाते. ती निवडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे लक्ष गुणांवर असते, हे आपण सर्व अध्यापक जाणतो. परिणामी आयफेल मनोरा, सुगंधी द्रव्ये, पोशाखांच्या नव्या तऱ्हा आणि चीज एवढ्यावरच त्यांचे फ्रान्सविषयीचे ज्ञान थांबते. इतिहासाच्या तासाला १७८९ ची राज्यक्रांती येते आणि राज्यशास्त्राच्या तासाला राष्ट्राध्यक्षांचे अधिकार येतात. परंतु सामान्य फ्रेंच माणूस सकाळी काय खातो, कोणत्या हक्काने सुट्टीवर जातो, कोणत्या कारणाने रस्त्यावर उतरतो, हे कोणत्याच विषयाच्या वाट्याला येत नाही.

प्रस्तुत लेखात फ्रेंच दैनंदिन जीवनाच्या राजकारण, आहार व प्रवास या तीन अंगांचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे. हा परिचय नाशिकच्या संदर्भातून केला आहे. त्याचे कारण केवळ स्थानिक अभिमान हे नव्हे. नाशिक जिल्ह्याचा फ्रान्सशी आलेला संबंध प्रत्यक्ष आणि बहुविध आहे. भगूरच्या एका तरुणाच्या अटकेचा प्रश्न फ्रान्सच्या राजकारणात पोहोचला होता. निफाड-दिंडोरीचा द्राक्षबागायतदार रोजच्या बोलण्यात एका फ्रेंच शहराचे नाव घेतो. या जिल्ह्याच्या वाइनला मिळालेल्या भौगोलिक नावामागची कल्पनाही मुख्यतः फ्रान्समध्ये घडली. या दुव्यांच्या आधारे एक सूत्र मांडावयाचे आहे. ते असे की, फ्रेंच जीवनातील ज्या गोष्टी आपणास 'संस्कृती' म्हणून दिसतात त्यांपैकी अनेक गोष्टी वस्तुतः संघर्षातून मिळविलेले आणि कायद्याने बांधलेले हक्क आहेत.

राजकारण : मार्सेयचा धक्का

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा' या नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे यांनी वध केला. या प्रकरणाचे धागे लंडनपर्यंत पोहोचले आणि १३ मार्च १९१० रोजी विनायक दामोदर सावरकर यांना लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर अटक झाली. त्यांना हिंदुस्थानात आणणारी 'मोरिया' ही बोट जुलैच्या पहिल्या आठवड्यात मार्सेय, म्हणजे मराठीत रूढ असलेले मार्सेलिस, या बंदरात थांबली. ८ जुलैच्या सकाळी सावरकरांनी बोटीच्या गवाक्षातून समुद्रात उडी घेतली व ते पोहत धक्क्यावर आले. तेथे एका फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हवाली केले. बोटीवरचा कोणी खलाशी पळत असावा, असा त्याचा समज झाला होता.

महाराष्ट्रात ही घटना धैर्याची कथा म्हणून सांगितली जाते व ते योग्यच आहे. परंतु तिची दुसरी बाजू फ्रेंच राजकारणाची आहे आणि ती वर्गात क्वचितच येते. मार्सेयच्या धक्क्यावर पाऊल टाकताच ही व्यक्ती फ्रान्सच्या भूमीवर होती. मग रीतसर प्रत्यार्पणाची प्रक्रिया न करता तिला परत कसे दिले, असा प्रश्न फ्रान्समध्ये उपस्थित झाला. समाजवादी नेते झां झोरेस यांनी १९०४ साली स्थापन केलेल्या 'ल्युमानिते' या दैनिकाने हा प्रश्न लावून धरला. कार्ल मार्क्स यांचे नातू झां लोंगे यांनी या कामी पुढाकार घेतला. पॅरिसमध्ये राहणाऱ्या मादाम कामा यांचेही प्रयत्न चालू होते. अखेर फ्रान्स सरकारने ब्रिटनकडे सावरकरांना परत देण्याची मागणी केली आणि २५ ऑक्टोबर १९१० रोजी हा वाद हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाकडे सोपविण्याचा करार झाला. २४ फेब्रुवारी १९११ रोजी लवादाने निर्णय दिला. अटकेच्या रीतीत अनियमितता झाली हे मान्य करूनही, परक्या सत्तेच्या अंमलदाराकडून झालेल्या चुकीमुळे कैदी परत देण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही, असे लवादाने ठरविले. तोपर्यंत मुंबईच्या विशेष न्यायालयाने सावरकरांना दोन जन्मठेपांची शिक्षा सुनावलीही होती.

एका परकीय कैद्याविषयी फ्रेंच वृत्तपत्रे इतकी आग्रही का झाली, याचे उत्तर तत्कालीन फ्रेंच समाजात सापडते. १८९४ पासून १९०६ पर्यंत चाललेल्या ड्रेफस प्रकरणाने तो समाज ढवळून निघाला होता. एका निरपराध ज्यू लष्करी अधिकाऱ्यास देशद्रोही ठरविले गेले होते. त्याच्या बाजूने एमिल झोला यांनी १३ जानेवारी १८९८ रोजी राष्ट्राध्यक्षांना उद्देशून अनावृत पत्र लिहिले आणि त्याच वर्षी मानवी हक्कांसाठी काम करणारी संघटना स्थापन झाली. शासनाने एका माणसावर केलेला अन्याय हा सर्वांचा प्रश्न होय, ही जाणीव या प्रकरणाने घरोघरी पोहोचविली. सावरकरांच्या विचारांशी झोरेस यांची सहमती होती म्हणून नव्हे, तर आश्रयाचा हक्क हा फ्रान्सच्या स्वतःच्या प्रतिष्ठेचा भाग आहे म्हणून हा प्रश्न पुढे आला. पुढे ३१ जुलै १९१४ रोजी पॅरिसमधील एका काफेत भोजन करीत असताना झोरेस यांची हत्या झाली. फ्रान्समध्ये काफे हे केवळ कॉफी पिण्याचे ठिकाण नसून सार्वजनिक चर्चेची जागा आहे. या हत्येच्या संदर्भात हा तपशीलही लक्षात घेण्याजोगा आहे.

गावाचे राजकारण आणि रस्त्याचे राजकारण

फ्रान्सचे राजकारण म्हणजे राष्ट्राध्यक्ष, असे आपले सर्वसाधारण मत असते. १९५८ च्या राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षाला व्यापक अधिकार दिले, १९६२ च्या सार्वमताने त्याची निवड थेट जनतेकडे आली आणि २००० च्या सार्वमताने त्याची मुदत सात वर्षांवरून पाच वर्षांवर आली, हे खरे आहे. परंतु सामान्य माणसाच्या दृष्टीने सर्वांत जवळचे सत्तास्थान म्हणजे त्याच्या गावाचा किंवा शहराचा महापौर होय. फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार 'कम्यून' आहेत. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. म्हणजेच लोकसंख्येच्या मानाने फ्रान्समधील स्थानिक संस्था पुष्कळच लहान आहेत. काही कम्यूनची वस्ती शंभराच्याही आत असते. तरीही जन्माची नोंद, विवाहाचा नागरी विधी, प्राथमिक शाळेची इमारत, गल्लीतील रस्ता या सर्वांसाठी नागरिकाची पायरी तीच असते. १९०५ च्या कायद्याने शासन व धर्मसंस्था यांची फारकत झाली. विवाहाचे बंधन कायदेशीर होण्यासाठी वधूवरांनी प्रथम महापौराच्या कार्यालयात उभे राहणे अनिवार्य आहे; चर्चमधील विधी त्यानंतरचा व ऐच्छिक.

स्त्रियांच्या राजकीय सहभागाची तुलना उद्बोधक ठरेल. मानवी हक्कांची सनद जगाला देणाऱ्या या देशात स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९४४ साली, आणि त्यांनी प्रथम मतदान केले ते एप्रिल १९४५ मध्ये. निवडणुकीच्या उमेदवारीत स्त्री-पुरुष समतेचा कायदा तेथे २००० साली झाला. भारतात ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतीत स्त्रियांना एक तृतीयांश जागा राखीव झाल्या व महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. या एका बाबतीत तरी पेठ-सुरगाण्याची ग्रामपंचायत फ्रेंच कम्यूनच्या मागे नव्हती.

फ्रेंच राजकारणाचे दुसरे दैनंदिन रूप म्हणजे रस्ता. संपाचा हक्क १९४६ च्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत नमूद झाला असून आजही त्याला घटनात्मक बळ आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये इंधनावरील कराच्या निमित्ताने 'पिवळी जाकिटे' घातलेले लोक लहान शहरांच्या वाहतूक चौकांत ठाण मांडून बसले. २०२३ मध्ये निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ करण्याच्या कायद्याविरुद्ध लक्षावधी लोकांनी मोर्चे काढले. अशा वेळी रेल्वे बंद पडते, शाळा बंद राहते, कचरा साठतो. गैरसोय ही तेथे आंदोलनाची भाषाच समजली जाते.

नाशिकलाही रस्त्याचे राजकारण अपरिचित नाही. नोव्हेंबर १९८० मध्ये शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने कांदा व उसाच्या भावासाठी केलेल्या रास्ता रोको व रेल रोको आंदोलनाने हा जिल्हा देशाच्या नकाशावर आला. त्यात गोळीबार होऊन शेतकऱ्यांचे बळी गेले. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला किसान सभेचा मोर्चा सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचला. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा मोर्चेकऱ्यांनी रात्री चालून पूर्ण केला. येथे दोन समाजांतील भेद स्पष्ट होतो. फ्रेंच आंदोलक गैरसोय करून हक्क सांगतो; वनजमिनीचा पट्टा मागणारा आपला आदिवासी शेतकरी गैरसोय टाळून सहानुभूती मिळवितो. हक्क मागणाऱ्याला आधी सभ्यतेचा दाखला द्यावा लागतो, ही गोष्ट आपल्या लोकशाहीविषयी काय सांगते, हा अभ्यासकांनी विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

आहार : ताट आणि क्रम

मराठी भोजनाची रचना स्थळाची आहे. ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, मध्यभागी भात किंवा पोळी असे प्रत्येक पदार्थाचे स्थान ठरलेले असते व ते सर्व एकाच वेळी समोर येतात. फ्रेंच भोजनाची रचना काळाची आहे. आरंभीचा पदार्थ, मुख्य पदार्थ, नंतर चीज, शेवटी गोड असा क्रम असतो. एक संपल्याशिवाय दुसरे येत नाही व चीज गोडाच्या आधी यावयाचे हा नियम मोडत नाही. मात्र ही रीतही अनादी नव्हे. एकोणिसाव्या शतकापूर्वी फ्रान्समधील श्रीमंतांच्या मेजवानीतही अनेक पदार्थ एकदमच मेजावर मांडीत. एकामागून एक वाढण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली आणि तिला 'रशियन पद्धत' असे नाव होते. परंपरा म्हणून मिरविली जाणारी गोष्ट पुष्कळदा किती अलीकडची व बाहेरून आलेली असते, याचे हे उत्तम उदाहरण होय. २०१० साली युनेस्कोने फ्रेंच भोजनपद्धतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. तो एखाद्या पाककृतीला दिलेला नसून एकत्र बसून, क्रमाने, बोलत जेवण्याच्या रीतीला दिलेला आहे.

पावाचे उदाहरण याहून बोलके आहे. 'बागेत' हा लांब पाव फ्रेंच माणूस रोज ताजा विकत आणतो. यंत्राने व गोठविलेल्या पिठाने पाव करण्याची पद्धत वाढू लागली तेव्हा शासनाने १३ सप्टेंबर १९९३ रोजी आदेश काढला. 'फ्रेंच परंपरेचा पाव' या नावाने विकावयाचा पाव गव्हाचे पीठ, पाणी, मीठ व किण्व यांचाच असावा. शेंगवर्गीय पीठ आणि माल्ट यांसारख्या मोजक्याच घटकांची अल्प प्रमाणात मुभा राहील. त्यात कृत्रिम मिश्रके नसावीत आणि तो कोणत्याही टप्प्यावर गोठविलेला नसावा, असे त्यात ठरले. २०२२ मध्ये बागेत तयार करण्याच्या कौशल्यालाही युनेस्कोची मान्यता मिळाली. नावाला कायद्याची हमी असली की लहान भट्टीवाला मोठ्या कारखान्यापुढे तग धरू शकतो, हे यामागील तत्त्व आहे. नेमके हेच तत्त्व आपणास द्राक्षाकडे घेऊन जाते.

द्राक्ष : बोर्डो ते दिंडोरी

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागायतदाराच्या रोजच्या शब्दसंग्रहात 'बोर्डो' हा शब्द आहे. बोर्डो मारला का, बोर्डो किती टक्क्यांचा केला, असे संवाद पावसाळ्यात व छाटणीनंतर बांधाबांधावर ऐकू येतात. मोरचूद व चुना यांच्या या मिश्रणाचे नाव फ्रान्समधील बोर्डो शहरावरून आले. १८७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगाने फ्रेंच मळे उद्ध्वस्त होऊ लागले होते. बोर्डो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांना १८८२ मध्ये असे दिसले की, रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्या आहेत. चौकशीअंती कळले की, वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून मळेवाले त्यांवर मोरचूद व चुन्याचा निळसर लेप शिंपडीत असत. रसायनशास्त्रज्ञ गेयों यांच्या साहाय्याने प्रयोग करून मिलार्दे यांनी १८८५ मध्ये हा उपाय प्रसिद्ध केला. एक किलो मोरचूद, एक किलो चुना व शंभर लिटर पाणी हे एक टक्का मिश्रणाचे प्रमाण, आणि मिश्रणात लोखंडी विळा बुडवून तो तांबूस झाल्यास चुना वाढविण्याची कसोटी, या दोन्ही गोष्टी आपल्या बागायतदाराला तोंडपाठ असतात. एका फ्रेंच प्राध्यापकाने शेतकऱ्याच्या सवयीकडे पाहून शोध लावला आणि तो शोध पुन्हा शेतकऱ्याच्या सवयीत विरघळून गेला. विद्यापीठ व शेत यांच्या नात्याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

वेल एकच असली तरी तिचे वर्ष दोन्ही ठिकाणी वेगळे आहे. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपते, तेव्हा छाटणी होते. उन्हाळ्यात फळ भरते व साधारणतः सप्टेंबरमध्ये तोडणी होते. नाशिकच्या उष्ण हवेत वेल झोपत नाही. म्हणून तिला दोनदा छाटावे लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते व ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी गोडी बहाराची छाटणी होते. तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये येते. म्हणजे फ्रान्समधील मळेवाला द्राक्षे काढून मोकळा होतो, तेव्हा आपला बागायतदार हंगामाला आरंभ करीत असतो. खाण्याच्या द्राक्षात येथे थॉमसन सीडलेस व तिच्यापासून निवडलेल्या जातींचे प्राबल्य आहे. वाइनसाठी मात्र शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, काबेर्ने सोव्हिन्यों, शिराझ या फ्रेंच वाणांची लागवड झाली.

महाराष्ट्रात आधुनिक वाइन उद्योगाचा पाया १९८० च्या दशकात नारायणगाव येथे फ्रेंच तांत्रिक साहाय्याने घातला गेला. नाशिकमध्ये १९९९ साली सुला वाइनरी उभी राहिली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर केले व विंचूर येथे वाइन पार्क आखले गेले. २०१३ मध्ये मोएत हेनेसी या फ्रेंच कंपनीने दिंडोरी तालुक्यातील द्राक्षांपासून केलेली फेसाळ वाइन 'शांदों' या नावाने बाजारात आणली. परंतु तिला 'शॅम्पेन' म्हणता आले नाही. शॅम्पेन ही त्या नावाच्या प्रदेशातच होते आणि शॅम्पेनमधील उत्पादकही दिंडोरीत आल्यावर ते नाव मागे ठेवूनच येतो. नावाचा हा कडकपणा कोठून आला, हे समजण्यासाठी १९०७ सालाकडे वळणे आवश्यक आहे.

१९०७ आणि २००९ : दोन मंदी

दक्षिण फ्रान्समधील लांगदॉक प्रदेशात फायलोक्सेरा किडीच्या संकटानंतर मळे नव्याने लावले गेले. उत्पादन भरमसाट वाढले, अल्जीरियातून स्वस्त वाइन येऊ लागली आणि व्यापारी साखर व पाणी मिसळून बनावट वाइन विकू लागले. भाव कोसळला. ११ मार्च १९०७ रोजी आर्जेलिये या खेड्यातील मार्सेलें आल्बेर या लहान काफेचालकाच्या नेतृत्वाखाली ८७ मळेवाले आपली कैफियत मांडावयास निघाले. तीन महिन्यांत ही चळवळ इतकी पसरली की, ९ जूनच्या माँपेलिये येथील सभेला पाच लाखांहून अधिक लोक जमल्याचे सांगितले जाते. शेकडो नगरपालिकांनी राजीनामे दिले, नारबोन येथे गोळीबारात माणसे मेली, आणि स्थानिक तरुणांचा भरणा असलेल्या १७ व्या पायदळ पलटणीने बंड केले. आल्बेर पॅरिसला जाऊन पंतप्रधान क्लेमांसो यांना भेटला. त्यांनी त्याला परतीच्या भाड्यासाठी शंभर फ्रँकची नोट दिली आणि ही गोष्ट वृत्तपत्रांना सांगितली. नेत्याची प्रतिष्ठा एका नोटेने संपली. परंतु २९ जून १९०७ चा भेसळविरोधी कायदा मात्र राहिला. पुढे १९११ मध्ये शॅम्पेन प्रदेशात सीमांकनावरून दंगली झाल्या आणि अनेक खटपटींनंतर ३० जुलै १९३५ च्या आदेशाने 'नियंत्रित मूळनाम' ही व्यवस्था अस्तित्वात आली. कोणत्या गावशिवारात, कोणत्या वाणाची, हेक्टरी किती उत्पन्नाची, कोणत्या रीतीची वाइन ते नाव धारण करू शकते, हे तीत बारकाईने ठरलेले असते आणि त्याची तपासणीही होते.

नाशिकची मंदी एक शतकानंतर आली. धोरणाच्या प्रोत्साहनाने व कर्जाच्या आधाराने अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या वाणांची लागवड केली, लहानमोठ्या वाइनरी उभ्या राहिल्या. २००८ ची जागतिक मंदी व नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरील हल्ला यांनंतर पर्यटन व हॉटेल व्यवसाय मंदावला आणि मागणी घटली. २००९-१० च्या सुमारास साठे पडून राहिले, द्राक्षांना घेणारा मिळेना, पैसे थकले व अनेकांनी बागा उपटल्या. वाइनचे द्राक्ष आकाराने लहान, बियांचे व जाड सालीचे असल्याने ते खाण्याच्या बाजारातही चालत नाही. एकाच ग्राहकावर अवलंबून असणाऱ्या पिकाचा धोका शेतकऱ्याने एकट्याने सोसला.

भारतात भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ साली झाला व १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याखाली 'नाशिक व्हॅली वाइन' व 'नाशिकची द्राक्षे' यांची नोंदणी झाली. त्याच नोंदवहीत फ्रान्सच्या 'शॅम्पेन' व 'कोन्याक' या नावांनाही संरक्षण मिळाले. दोन्ही नावे एकाच वहीत आली तरी त्यांमागील इतिहास भिन्न आहे. फ्रान्समध्ये आधी मळेवाल्यांची चळवळ झाली, मग भेसळीविरुद्ध कायदा झाला आणि अखेरीस नाव आले. म्हणून त्या नावात उत्पादकाचा आवाज आहे. आपल्याकडे नाव आधी आले. द्राक्ष पिकविणाऱ्याला करारातील भावाची हमी, उत्पन्नाची मर्यादा, तपासणीची यंत्रणा या गोष्टी त्या नावामागे उभ्या राहिल्या तरच नोंदणीला अर्थ प्राप्त होईल.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. फ्रान्समध्ये सर्वजण वाइन पितात व त्यांना काही होत नाही, असा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. तो वस्तुस्थितीला धरून नाही. १९६० च्या सुमारास तेथे माणशी वार्षिक वाइनचा खप १२० लिटरांहून अधिक होता. आज तो त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर आला आहे. शाळेच्या भोजनगृहात चौदा वर्षांखालील मुलांना मद्य देण्यास १९५६ मध्ये बंदी करावी लागली, यावरून पूर्वीच्या स्थितीची कल्पना येते. १० जानेवारी १९९१ च्या कायद्याने मद्य व तंबाखू यांच्या जाहिरातींवर कडक निर्बंध आले. तरीही २०१५ या वर्षी मद्यामुळे सुमारे ४१ हजार मृत्यू झाल्याचा तेथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेचा अंदाज आहे. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा शेतकऱ्याचे हित आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन पक्ष परस्परविरोधी असल्याप्रमाणे वाद झाला व अंमलबजावणी रखडली. फ्रान्सने हे दोन्ही प्रश्न स्वतंत्र कायद्यांनी हाताळले. मूळनामाचा कायदा शेतकऱ्यासाठी व जाहिरातबंदीचा कायदा नागरिकांसाठी, ही विभागणी आपल्याही विचारात यावयास हवी.

प्रवास : यात्रा आणि रजा

नाशिकला प्रवासाची जुनी ओळख आहे ती यात्रेची. दर बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ, सप्तशृंगीची चैत्रयात्रा, त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा हे सामान्य माणसाचे प्रवासाचे प्रसंग होत. फ्रान्समध्येही तीर्थयात्रा होत्या व आहेत. परंतु फ्रेंच माणसाच्या आजच्या प्रवासाचे मूळ एका कायद्यात आहे. मे १९३६ मध्ये डाव्या पक्षांची आघाडी निवडून आली, कामगारांनी देशभर कारखाने व्यापले आणि लेओं ब्लूम यांच्या सरकारने २० जून १९३६ रोजी दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा केला. त्याच उन्हाळ्यात रेल्वेच्या सवलतीच्या तिकिटांवर असंख्य कामगार कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. १९५६ मध्ये तिसरा, १९६९ मध्ये चौथा व १९८२ मध्ये पाचवा आठवडा मिळाला. ऑगस्टमध्ये फ्रेंच शहरांतील दुकाने बंद का असतात, याचे कारण आळस नसून हा कायदा आहे.

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजेची तरतूद केली. पण ती संघटित कामगारापुरती होती. द्राक्षाच्या हंगामात पेठ, सुरगाणा या तालुक्यांतून आदिवासी मजूर कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या बागांत छाटणी, विरळणी व तोडणीसाठी येतात. हाही प्रवासच आहे. पण त्यात रजा नाही. गंगापूर धरणाच्या परिसरात वाइनरी पाहावयास आलेला पर्यटक आणि त्याच वेली छाटणारा मजूर हे एकाच रस्त्याने येतात, परंतु एकाचा प्रवास विश्रांतीसाठी असतो व दुसऱ्याचा पोटासाठी. याबाबतीत फ्रान्सही निष्कलंक नाही. २०२३ च्या तोडणीच्या वेळी शॅम्पेन प्रदेशात हंगामी परदेशी मजुरांना अमानुष स्थितीत ठेवल्याचे उघड झाले आणि २०२५ मध्ये न्यायालयाने त्याबद्दल तिघांना दोषी ठरविले. मूळनामाच्या नियमावलीत वेलींतील अंतर मोजलेले असते. मजुराच्या निवाऱ्याची मोजणी मात्र तेथेही मागे राहिली.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. फ्रेंच जीवनातील आश्रय, पाव, वाइनचे नाव आणि उन्हाळी सुट्टी या वरवर असंबद्ध वाटणाऱ्या गोष्टींमागे एकच प्रक्रिया दिसते. सामान्य माणसाची तक्रार रस्त्यावर येते, वृत्तपत्र व काफे तिला शब्द देतात, संसद तिला कायद्याचे रूप देते आणि एकदोन पिढ्यांनी ती 'आमची संस्कृती' म्हणून ओळखली जाते. ही प्रक्रिया सदैव यशस्वी होत नाही. सावरकर परत मिळाले नाहीत, आल्बेर उपहासाचा विषय झाला, आणि हंगामी मजूर अजूनही कायद्याच्या कडेला उभा आहे. तथापि प्रक्रियेची दिशा ध्यानात घेण्यासारखी आहे.

नाशिकच्या संदर्भात याचा अर्थ असा की, द्राक्ष, वाइन व पर्यटन यांचे फ्रेंच बाह्यरूप आपण त्वरेने स्वीकारले. त्यामागील उत्पादकाची संघटना, नावाची शिस्त व श्रमिकाचा हक्क या गोष्टी स्वीकारणे बाकी आहे. अध्यापनाच्या दृष्टीने भाषा, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र व वनस्पतिशास्त्र या विभागांना एकत्र येऊन हा विषय शिकविता येईल. मार्सेयचा लवाद, बोर्डो मिश्रण आणि १९०७ चे आंदोलन हे तीन पाठ केवळ फ्रेंचच्या पुस्तकातले नाहीत. आपले अनेक विद्यार्थी बागायतदारांच्या व मजुरांच्या घरांतून येतात. फ्रान्सविषयी शिकताना त्यांना स्वतःच्या बांधाकडे नव्याने पाहता आले, तर विदेशी भाषेच्या त्या तासाला गुणांपलीकडचे प्रयोजन प्राप्त होईल.